ट्रेनिंग नेमकं कोणाला द्यायचं?

आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परत तेच सुरू झालं. २०२१ ला ई-पीक पाहणी आली तेव्हा हेच, २०२५ ला सीसीआयचं, म्हणजे कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाचं, कपास किसान ॲप आलं तेव्हाही हेच, की शेतकऱ्याले ॲप समजत नाही, त्याले ट्रेनिंग द्या. यावेळी निमित्त आमच्या भागातल्या एका जिनिंगच्या, म्हणजे कापूस घेऊन सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या, सॉफ्टवेअरचं. आणि ग्रुपवर असं लिहिणारी आमचीच पुण्यात आयटीत असलेली पोरं. डोकंच फिरतं.

त्या सॉफ्टवेअरमध्ये एका गाडीला एकच शेतकरी टाकता येतो. आता आमच्या यवतमाळच्या दारव्ह्याकडं कोणता लहान शेतकरी एकटा गाडी करतो? तिघं मिळून एक मेटॅडोर करतात, काट्यावर भरलेली गाडी मोजतात, एकाचा कापूस उतरवला की परत मोजतात, मग दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा. एका गाडीची चार वजनं. सॉफ्टवेअरला दोनच माहीत, भरलेली आणि रिकामी. मग सगळा कापूस एकाच्या नावावर चढतो, पैसे त्याच्याच खात्यात आणि बाकीचे दोघं त्याच्या दारात. सॉफ्टवेअरची टीम जिनिंगच्या मॅनेजरच्या केबिनमध्ये बसून रिक्वायरमेंट, म्हणजे सॉफ्टवेअरला काय काय जमायला हवं त्याची यादी, घेऊन गेली, काटेवाल्याला कोणी विचारलंच नाही.

मी नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला हेच रिक्वायरमेंट काढायचं काम करतो. तिथल्याच फेन्लोच्या वेअरहाउसचं काम आलं तेव्हा आम्ही आधी सकाळच्या शिफ्टला पिकरच्या, म्हणजे रॅकवरून माल काढणाऱ्या कामगारांच्या, मागं मागं फिरलो, मग कागदावर काढलेले स्क्रीन त्यांच्याच हातात दिले, तर एकजण लगेच म्हणाला, परत आलेला माल कुठं टाकू, त्याचं बटणच नाही. कोडची एक ओळ लिहायच्या आधी कळलं. चूक जितकी उशिरा सापडेल तितकी महाग पडते हे सॉफ्टवेअरवाल्या बॅरी बोहमनं १९८१ मध्येच मांडलंय, पुण्याच्या पोरांनी परीक्षेत लिहिलंही असेल.

आणि व्हॅलिडेशन, म्हणजे घेतलेली रिक्वायरमेंट बरोबर आहे का ते तपासणं, म्हणजे मॅनेजरची सही नव्हे. मागच्या सीझनच्या खऱ्या काटापावत्या घ्या, खाडाखोडवाल्या आधी, एकेक भरून पाहा. जी बसत नाही तिथं रिक्वायरमेंट चुकली.

हे ग्रुपवर टाकलं तर चुलतभाऊ म्हणाला, "दादा, तिकून शिकवू नको, इकडं ये अन् काट्यापाशी उभा राय." लागलं मला. फेन्लोच्या शिफ्ट मला पाठ आहेत आणि आमच्या जिनिंगवर आता काट्याला कोण बसतं ते माहीत नाही. सुट्टी मिळते ती इथल्या उन्हाळ्याची, जुलै-ऑगस्टची, तेव्हा वावरात कापसाची नुसती हिरवी पऱ्हाटी. बाबा फोनवर कापसाचा भाव सांगतात, मी ऐकतो. त्या ग्रुपवर मी गावचा म्हणून बोलतो की बाहेरचा म्हणून, खरंच कळत नाही आता.

पण म्हणून मुद्दा खोटा होत नाही. पुण्याहून रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली की सकाळी यवतमाळ. डिसेंबरमध्ये जा, गाड्यांची लाइन असते, आणि मेटॅडोरमधल्या तिघांनाही विचारा, नुसत्या गाडीवाल्याला नको.