जिराफाची आई पिलाला लाथा घालत नाही

नुकत्याच जन्मलेल्या पिलाला जिराफाची आई लाथ मारते, ते उठेपर्यंत मारत राहते आणि उठल्यावर पुन्हा पाडते, म्हणजे आपण कसे उठलो हे त्याच्या कायमचे लक्षात राहते, असा एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. परवा माझ्या धाकट्या भावाने तो घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि सहामाहीत गणितात नापास झालेल्या आपल्या अकरा वर्षांच्या मुलाला समोर बसवून मोठ्याने वाचून दाखवला. त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

पिलू उंचावरून पडते, एवढे खरे आहे. जिराफाची मादी उभ्यानेच विते, त्यामुळे सुमारे १५ महिने पोटात वाढलेले पिलू जवळजवळ दोन मीटरवरून जमिनीवर येते. संदेशातले दहा फूट फुगवलेले आहेत. त्यानंतर आई मान खाली वाकवून त्याला चाटत राहते, नाकाने ढोसते, क्वचित पायाने हलवूनही पाहते, आणि साधारण तासाभरात ते लटपटत उभे राहते. या हलवण्याला लाथ म्हणणे हा खोटेपणा आहे. जिराफाची खरी लाथ सिंहासाठी असते आणि ती वर्मी बसली तर सिंहही मरतो; तीच लाथ पन्नास-साठ किलोच्या ओल्या पिलाला बसली तर ते उठेल कसे, हा प्रश्न संदेश पुढे ढकलणाऱ्या एकालाही पडू नये?

कळपाबरोबर लगेच पळता यावे म्हणून ती मारते, हे संदेशात दिलेले कारणही टिकत नाही, कारण पहिले काही आठवडे पिलू दिवसाचा बराच वेळ गवताझुडपांत दडून बसलेले असते आणि आई चरून येऊन त्याला पाजते.

केनियातील सोयसांबू अभयारण्यात २०१० साली झोई म्युलर या संशोधिकेने केलेली नोंद तर संदेशाच्या मुळावरच घाव घालते. तिथे एक पिलू मागच्या पायात व्यंग घेऊन जन्मले होते आणि त्याला धड चालता येत नव्हते. आईने त्याला लाथा घातल्या नाहीत की टाकून दिले नाही; ते जेमतेम चार आठवडे जगले आणि तेवढा काळ ती त्याच्या आसपास राहिली. ते मेल्यावर सतरा माद्या तिथे जमल्या, आणि चौथ्या दिवशीही आई अर्धवट खाल्लेल्या कलेवरापाशी एकटी उभी होती.

संदेशाच्या शेपटाला जोडलेली बाकीची माहितीही अशीच आहे. जिराफ दिवसात अर्धाच तास झोपतो म्हणे; प्राणिसंग्रहालयातल्या जिराफांवरील १९९६च्या अभ्यासात ती झोप साडेचार तासांच्या आसपास भरली. त्याला आवाज नसतो हेही चूक, कारण रात्रीच्या वेळी तो खोल स्वरात गुणगुणतो, हे २०१५ साली युरोपातील तीन प्राणिसंग्रहालयांतल्या ध्वनिमुद्रणांतून पुढे आले. मानेत माणसाइतकेच सात मणके असतात, हे मात्र बरोबर आहे.

भावाने तो संदेश अजून गटावरून काढलेला नाही. त्याने तो काढावा आणि सोयसांबूची हकिकत मुलाला तितक्याच मोठ्याने वाचून दाखवावी, असे मी त्याला आजच कळवले आहे.