न्हाणीतला पाहुणा
झाडबेडूक पकडून काचेच्या टाकीत कसा पाळावा, हे लेखात वाचलं. आमच्या सावंतवाडीकडच्या घरी दर पावसाळ्यात एक तपकिरी झाडबेडूक न्हाणीत येतोच, बादलीमागे भिंतीला चिकटून बसतो. लहानपणी मीही एकाला बरणीत ठेवलेला. मेलेल्या माशा टाकल्या, पण ढुंकून पाहिलं नाही. त्याला हलणारा किडाच लागतो. शिवाय पाणी कातडीतून शोषतो, म्हणजे नळाचं क्लोरीनही अंगात. तिसऱ्या दिवशी आजीने ओरडून सोडायला लावला. आंबोलीतला हिरवागार मलबारी उडता बेडूक तर पाण्यावर झुकलेल्या पानांवर फेसाचं घरटं करतो, पिल्लं थेट खाली डबक्यात पडतात. हे टाकीत कसं जमवणार? त्यापेक्षा परसात एक उथळ डबकं राखा, फक्त त्यात मासे सोडू नका, ते अंडी-पिल्लं फस्त करतात.