बकऱ्या किती?

गेल्या मंगळवारी तालुक्याच्या बसस्टँडवर, रसाच्या हातगाडीपुढं उभं राहून, चारचौघांत मी संत्र्याची सालपटं विकत घेतली. वीस रुपयांना. मी दोनशे संत्राझाडांचा मालक आहे. आता एकदाचं हसून घ्या, मग पुढचं सांगतो.

झालं असं की हिच्या बचत गटात कोणी बाई प्रशिक्षण देऊन गेल्या. एक किलो गूळ, तीन किलो सालपटं, दहा लिटर पाणी. प्लास्टिकच्या डबकीत भरून तीन महिने ठेवायचं, मग ते पाणी गाळून फरशी पुसायची. घरात पाणी होतं, गूळ होता. सालपटं नव्हती. सालीचा हिस्सा पाव धरला, तर तीन किलो सालपटांसाठी बारा किलो संत्री खावी लागतात. घरात माणसं तीन. आईला आंबट सोसत नाही, हिला सर्दी होते, आणि मी संत्र्यातच वाढल्यामुळं मला संत्रं बघवत नाही. बगीच्याचं म्हणाल तर आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्यात तोडणीला येणारं पीक, आम्ही ठोक्यात, झाडावरच एकरकमी, देऊन टाकलेलं. व्यापाऱ्याची माणसं डिसेंबरातच क्रेट भरून गेली. आता मार्चात झाडावर वाटाण्याएवढी फळं आहेत, आणि त्यांची सालपटं काढायला जवाहिऱ्याचा चिमटा लागेल.

गाडीवाल्याच्या बाजूला सालपटांनी भरलेला निळा ड्रम होता. मी हळूच विचारलं, "ही सालपटं देता का?"

त्यानं ड्रमकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "बकऱ्या किती हायेत?"

"बकऱ्या नाहीत."

"गाय?"

"तीही नाही."

त्याच्या तोंडावर खरीखुरी कणव आली. "न्या मंग," तो म्हणाला, आणि मी पोतं उघडेपर्यंत पुढं म्हणाला, "वीस रुपये द्या."

"अहो, तुम्ही हे फेकताच ना?"

"फेकतो तवा कोनी विचारत नाई. आता तुमी मांगून रायले, म्हनजे त्यात काई तरी हाय."

मी शाळेत नववी-दहावीला अर्थशास्त्रही शिकवतो. मागणी आणि किंमत यांचा संबंध इतक्या थोडक्यात मला पंचवीस वर्षांत सांगता आलेला नाही. वीस रुपये दिले.

इथवर ठीक होतं. पण शेजारच्या बाकड्यावर एक बाबाजी बसले होते. धोतर, टोपी, आणि मांडीवर दुरुस्त करून आणलेलं भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ, नातवंडासारखं दोन्ही हातांनी धरलेलं. ते मघापासून सगळं ऐकत होते.

"बकऱ्या नाई, गाय नाई," ते म्हणाले. "मंग सालटे कायले पायजे बाबू?"

"घरी लागतात, बाबाजी. फरशी पुसायला."

"सालटानं?"

"सालीचं पाणी करायचं. गूळ घालून."

"गूय?" त्यांनी घड्याळ सावरलं. "गूय टाकून फरशी पुसतं? मुंगे लागतीन ना बाप्पा!"

"गूळ राहत नाही त्यात. ते सडवायचं असतं. तीन महिने."

एवढं बोललो आणि चूक कळली. बाबाजींचे डोळे बारीक झाले. त्यांनी बोटांवर हिशोब सुरू केला, आणि आवाज जरा चढवूनच, कारण तोवर दोन-तीन रिकामे लोक जवळ सरकले होते.

"गूय घेतला. सालटे घेतले. पानी टाकलं. झाकून ठेवलं, सडवलं. अन् मंग गायलं. बरुबर?"

"बरोबर, पण—"

"बाबू, आमच्या गावात याले दुसरं नाव हाय."

लोक हसले. आमचा पट्टा आर्वी-आष्टी-कारंजाचा, म्हणजे वर्धा जिल्हा. गांधीजींचा जिल्हा म्हणून 1970च्या दशकापासून इथं दारूबंदी आहे, आणि बंदी आहे म्हणूनच गूळ कशाकशात घालतात ते इथलं शेंबडं पोरही सांगेल. कडेला रस पीत उभ्या असलेल्या एका खाकी पँटीनं ग्लास खाली ठेवला. ती पँट पोलिसाची होती की पोस्टमनची, मला अजून माहीत नाही. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "बकऱ्या आहेत! चार आहेत. त्यांच्यासाठीच नेतोय."

त्याच क्षणी बाबाजींच्या मांडीवरचं घड्याळ वाजायला लागलं. दुपारचा दीड झालेला, घड्याळानं नऊ ठोके दिले. बाबाजी नऊच्या नऊ ठोके संपेपर्यंत माझ्याकडं बघत राहिले.

"मंग आधी नाई काहून म्हनलं?"

"लाज वाटली."

"बकऱ्याची कायची लाज बे? दूध देते?"

"दोन देतात."

"गाभन?"

"एक."

"बोकड?"

"एक."

"म्हनजे बकऱ्या तीन, अन् बोकड एक. चार बकऱ्या काहून सांगतं? बोकड कितीचा हाय?"

"वर्षाचा होईल."

"काया का तांबडा?"

इथं मला थांबता आलं असतं. पण खोट्यात एकदा शिरलं की रंग भरायचा मोह आवरत नाही. मी म्हणालो, "काळा. कपाळावर पांढरा चांद."

बाबाजी उठून उभे राहिले. "अस्साच पायजे होता मले! नवसाचा हाय ना. दोन बजार झाले पाहून रायलो. गाव कोनतं तुयं?"

खोटं गाव सांगायला काय हरकत होती? पण मास्तरकीची सवय, हजेरीत विचारल्यासारखं खरं नाव सांगून मोकळा झालो. मग आडनाव. मग वडिलांचं नाव. मग आत्या कुठं दिली. तीन मिनिटांत बाबाजींनी मला मुळासकट उपटून हातात धरलं.

"म्हनजे तू त्या संत्रेवाल्याचा पोट्टा? मास्तर झाला तो?"

"हो."

"अरे बाप्पा," बाबाजी जमलेल्या लोकांकडं वळून म्हणाले. "याच्या बापाच्या बगीच्यात आमी पोटभर संत्रे खाल्ले. कोनी हटकत नव्हतं. अन् पोट्टा स्टँडवर सालटे येचून रायला!"

खाकी पँटीनं रस संपवला आणि निघून गेली. तिच्याही तोंडावर कणवच होती.

काळीपिवळीत पोतं मांडीवर घेऊन बसावं लागलं, कारण टपावर कोंबड्यांची खुराडी होती. पोत्यातून रस गळत होता. शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला. मला मात्र तो वास आवडतो, हे इथं कबूल करतो. आई दिवाळीच्या उटण्यासाठी टिनावर सालपटं वाळत घालायची, नागरमोथा आणि आंबेहळदीबरोबर उखळात कुटायची. त्यातली अर्धी सालपटं आम्ही पोरं आधीच पळवायचो. ओलं साल एकमेकांच्या डोळ्यांपुढं धरून दाबायचं, दुसरा बोंबलायचा. रात्री लाईट गेली की दिव्याच्या ज्योतीपुढं साल दुमडून दाबायचं, फुलबाजीसारख्या ठिणग्या उडायच्या. सालीतल्या तेलात लिमोनिन असतं, ते पेट घेतं. तेच तेल रबर विरघळवतं, हा शोध मला उशिरा लागला. भाच्याच्या वाढदिवसाला भिंतीवर फुगे लावलेले, आणि मी खाली बसून निवांतपणे संत्रं सोलत होतो. डोक्यावरचा फुगा फुटला. साल दुमडली, दुसरा फुटला. तिसऱ्याला मेव्हण्यानं मला अंगणात बसवलं. लिमोनिन काय असतं ते मी तिथून ओरडून सांगत होतो, कोणी ऐकलं नाही. नव्या स्टीलच्या ताटाला चिकटलेलं स्टिकर मात्र सालीनं घासलं की चिकटासकट निघतं. या एका गोष्टीसाठी घरात माझी थोडी किंमत आहे. सालपटांच्या धुरानं डास पळतात असंही लोक सांगतात. आमच्या गावचे डास धूर झाला की जवळ येऊन बसतात.

मांडी चिकट झाली होती आणि डोक्यात बाबाजींचं वाक्य फिरत होतं, म्हणून राग येत होता. बाबाजींचा नाही. नागपुरी संत्र्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आम्ही गावात पेढे वाटले होते. त्यानंतर बांगलादेशानं आयातशुल्क वाढवत वाढवत नेलं, तिकडं जाणारा माल इथंच साचला, आणि फळगळ तर दरवर्षीचीच. गेल्या डिसेंबरात ठोक्याचा हिशोब काढला तर किलोमागं अठरा रुपये पडले. औषधं, पाणी, मजुरी त्यातूनच. परवा हिनं मोबाइलवर दाखवलं, संत्र्याच्या सालीची पावडर, शंभर ग्रॅम, दीडशे रुपये, 'शुद्ध नैसर्गिक'. म्हणजे आतलं फळ अठराला किलो आणि वरचं टरफल दीड हजाराला. मी दोनशे झाडांना खतपाणी घालून जे पिकवतो त्यातला पैशाचा भाग बहुतेक मीच क्रेटसोबत फुकट देऊन टाकतो. हे मी व्यापाऱ्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मास्तर, पुढच्या साली सालटे तुमी काढून घेजा, फय मले द्या." वर हसला.

असो. डबकी भरली. पहिला महिनाभर रोज झाकण सैल करून आतला वायू सोडायचा, नाहीतर ती फुगून फुटते. ते 'फुस्स' करायचं काम माझ्याकडं आलं. आज पाचवा दिवस. वास असा सुटलाय की गल्लीतले दोन गृहस्थ, जे एरवी कधी येत नाहीत, काल सहज म्हणून बसायला आले आणि स्वयंपाकघराकडं बघत राहिले. बाबाजींचं चुकलं नव्हतं. गूळ आंबला की आधी तेच होतं, नंतर शिरक्यासारखं आंबट. हे प्रशिक्षणवाल्या बाईंनी सांगितलं नव्हतं.

काल संध्याकाळी आत्याचा फोन आला. म्हणाली, आमच्या गावचे एक बुडे घड्याळ घेऊन आले होते, तुझा पत्ता घेऊन गेले, रविवारी येणार आहेत. बोकड पसंत पडला तर इसार देऊनच जातील. "बकऱ्या पोसायची वेळ आली, अन् मले सांगितलं नाई," असं म्हणून ती रडली.

शेजारच्याकडं चार बकऱ्या आहेत. काळा बोकडही आहे. चांदाचं आम्ही चुन्यानं बघू. रविवारपुरत्या आमच्या गोठ्यात बांधायला मागितल्या. तो तयार झाला, फक्त म्हणाला, दिवसभराचा चारा तुमचा.

मी म्हणालो, "उरलेली सालपटं आहेत की पोत्यात."

"सालटे?" तो म्हणाला. "सालटाले तोंड नाई लावत मायी बकरी."