काचेतून बटण वर येणार नाही

"फोनमधल्या कंपनाच्या मोटारीचा जमाना संपला. आता स्क्रीनवर इलेक्ट्रोॲक्टिव्ह पॉलिमरची फिल्म येतेय. जेमतेम दोन व्होल्टमध्ये काचेतून खरी बटणं वर येतील, रेशमाचं चित्र दाखवलं की बोटाला रेशीमच लागेल, बॅटरी खर्च होणार नाही. तंत्र केव्हाच तयार आहे, कंपन्यांनी दाबून ठेवलंय." अशा आशयाचा मजकूर, सोबत एक-दोन चकचकीत व्हिडिओ, सध्या बराच फिरतोय. पंचाईत अशी की यातलं बरंचसं कुठे ना कुठे खरं आहे. फक्त दोन व्होल्ट एका पदार्थाचे, ताणलं जाणं दुसऱ्याचं, आणि व्हिडिओत दिसतं ते तिसरंच काहीतरी.

दोन व्होल्टचंच बघा. इलेक्ट्रोॲक्टिव्ह, म्हणजे वीज दिल्यावर आकार बदलणाऱ्या पॉलिमरचं कुटुंब मोठं आहे. त्यातले आयनिक प्रकार खरोखरच एक ते तीन-चार व्होल्टवर वाकतात. पण त्यासाठी पदार्थाच्या आत आयनांना (विद्युतभारित कणांना) एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकावं लागतं, त्यामुळे ते संथ असतात आणि बऱ्याच प्रकारांना ओलं ठेवावं लागतं. बटण दाबल्याचा 'टक' बोटाला पटायचा तर हालचाल काही मिलिसेकंदांत व्हायला हवी.

चपळ म्हणावेत ते डायइलेक्ट्रिक इलास्टोमर: रबरासारखी फिल्म आणि तिच्या दोन्ही बाजूंना ताणले जाणारे इलेक्ट्रोड. 100 टक्क्यांहून जास्त ताणाचा, म्हणजे दुपटीहून जास्त ताणलं जाण्याचा, जो आकडा मिरवला जातो, तो 2000 साली एसआरआय इंटरनॅशनल या अमेरिकी संशोधन संस्थेच्या संशोधकांनी दाखवलेला, आणि तोही आधीच ताणून चौकटीत बसवलेल्या फिल्मचा. इथे लागणारा विद्युतदाब वेगळ्याच पातळीवरचा आहे. 20 मायक्रॉन जाडीच्या सिलिकॉनमध्ये दर मायक्रॉनला 50 व्होल्ट हवे असतील, तर एकूण 1000 व्होल्ट झाले. त्यातून मिळणारा दाब साधारण 66 किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दोन-तृतीयांश. (हजार व्होल्ट ऐकून दचकायचं कारण नाही. नीट इन्सुलेशन असेल तर हाताच्या तळव्याएवढ्या फिल्ममध्ये साठणारी ऊर्जा सहा-सात मिलिज्यूलच असते.)

बॅटरीचा हिशोब ऊर्जेच्या याच आकड्यावरून मांडता येतो. अशी फिल्म एका स्थितीत धरून ठेवायला जवळजवळ काहीच लागत नाही, दावा तेवढ्यापुरता बरोबर. पण स्पर्श म्हणजे कंपन. ती फिल्म सेकंदाला 200 वेळा भरून रिकामी केली आणि ऊर्जा परत मिळवली नाही, तर एक वॅटहून जास्त खर्च सतत चालू राहील. क्षणभराच्या 'टक'ला हे किरकोळ आहे. स्क्रीनभर पोत जाणवत ठेवायचा म्हटलं की फोनसाठी ते परवडणारं नाही.

आता बटणं. वीज दिल्यावर ही फिल्म फुगत नाही, चेपली जाते. दोन्ही इलेक्ट्रोड एकमेकांकडे ओढले जातात, मधला पदार्थ पातळ होतो आणि आडवा पसरतो. तिला वर उचलायचं तर कडा घट्ट धराव्या लागतात, मग पसरायला जागा न मिळाल्याने ती घुमटासारखी वर येते. हे प्रयोगशाळेत होतं. पण काचेखाली? काचेचा ताठपणा सुमारे 70 गिगापास्कल, मऊ सिलिकॉनचा एका मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे काच सुमारे सत्तर हजार पट ताठ. तिथून फार तर अख्खी काच थरथरेल, तिच्यातून एक बटण वर येणार नाही.

मग फिल्म काचेच्या वर ठेवा, असं कुणी म्हणेल. तर ती पारदर्शक हवी, इलेक्ट्रोडही पारदर्शक हवेत, आणि वर येणाऱ्या घुमटाबरोबर ते ताणलेही जायला हवेत. टचस्क्रीनमध्ये सर्रास वापरला जाणारा इंडियम टिन ऑक्साइड दोन-तीन टक्के ताणातच तडकतो. चांदीच्या नॅनोतारा किंवा आयन वाहून नेणारे हायड्रोजेल हे पर्याय आहेत, त्यावर उत्तम काम झालंय. पण नखं आणि किल्ल्या सोसणारा मऊ वरचा थर हा निराळाच प्रश्न आहे, आणि मला तोच सगळ्यात अवघड वाटतो.

पीव्हीडीएफ हे वीज दिल्यावर किंचित आकार बदलणारं प्लास्टिक टिकाऊ, पारदर्शक पर्याय म्हणून सुचवलं जातं. त्याच्या एका थराला 100 व्होल्ट दिले तर जाडी सुमारे तीन नॅनोमीटरने बदलते. आपली त्वचा 250 हर्ट्झच्या आसपास सर्वांत संवेदनशील असते, तरी तिलाही साधारण दहावा हिस्सा मायक्रॉन, म्हणजे 100 नॅनोमीटर हालचाल लागते. म्हणून ती फिल्म चिकटवून वाकवावी लागते किंवा थरावर थर रचावे लागतात.

राहिले व्हिडिओ. स्क्रीनवर खरेखुरे उंचवटे येताना दिसतात ते टॅक्टस कंपनीने 2012 मध्ये दाखवलेल्या तंत्रासारखं असतं: वर लवचीक पडदा आहे, पण त्याला आतला द्रव ढकलतो, वीज नव्हे. कापडाचा पोत जाणवतो ते इलेक्ट्रोव्हायब्रेशन. हा परिणाम 1953 मध्येच नोंदवला गेला, आणि 2010 मध्ये डिस्ने रिसर्चने टचस्क्रीनवर दाखवला. त्यात काहीच वर-खाली होत नाही, बोट आणि काच यांच्यातलं घर्षण बदलतं. बोट थांबलं की पोत गायब.

"दाबून ठेवलंय" यावर फार शब्द खर्चायला नकोत. एसआरआयच्या कामातून निघालेली आर्टिफिशियल मसल ही कंपनी 2010 मध्ये बायर या जर्मन रसायन कंपनीने विकत घेतली, आणि ही फिल्म व्हिव्हिटच या नावाने बाजारात आणली. आयपॉड टचच्या एका कव्हरमध्ये ती बसवलीही गेली. तिचा फायदाही खरा होता: फोनमधली कंपनाची (रेषीय) मोटार एका ठरावीक कंप्रतेभोवतीच जोमात चालते, फिल्म अनेक कंप्रतांवर नेमकी हलते. पण मोटार काही व्होल्टवर भागते, तिला उच्चदाबाचं सर्किट लागत नाही. एवढ्यावर ती जिंकली.

मला यात आशा दिसते ती स्क्रीनपासून दूर, ब्रेल वाचन-उपकरणांत. आज त्यांतले ठिपके पिझोसिरॅमिकच्या (वीज दिल्यावर वाकणाऱ्या सिरॅमिकच्या) पट्ट्या उचलतात, आणि त्यांनाही साधारण 200 व्होल्ट लागतातच. तिथे फिल्म पारदर्शक असायची गरज नाही, ती काचेवर बसवायची नाही. अट एवढीच की अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका वाचणाऱ्या बोटाखाली दबता कामा नये, आणि तसे शेकडो ठिपके वर्षानुवर्षं न जळता चालायला हवेत.