‘फिरायला जातोय’ सांगून मुलाला समुपदेशकाकडे नेऊ नका

मावसबहिणीने परवा एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली विचारलं, ‘ताई, हे खरं का गं? शनिवारी पहिली अपॉइंटमेंट आहे आणि हिला अजून काहीच सांगितलेलं नाही.’ तिची मुलगी नऊ वर्षांची आहे. जूनपासून शाळेच्या दिवशी सकाळी तिच्या पोटात दुखतं. रक्त तपासून झालं, सोनोग्राफी झाली, सगळं नॉर्मल आलं. रविवारी मात्र दुखत नाही. शेवटी त्यांच्या बालरोगतज्ज्ञांनीच समुपदेशकाकडे जायला सुचवलं.

हा फॉरवर्ड पालकांच्या ग्रुपवर बराच फिरतोय, तुमच्याकडेही आला असेल. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मुलाला आधी सांगू नका, फिरायला जातोय म्हणा, नाहीतर ते धसका घेतं. काय बोलायचं ते पढवून न्या आणि बाहेर आल्यावर सगळं विचारून घ्या. एकदा तिथे नाव लागलं की ते शाळेच्या कागदावर जातं, जन्मभर पुसलं जात नाही. तिथे नुसतं खेळवतात आणि पैसे घेतात. आणि पूर्वी आजीची मांडी होती, ही सगळी हल्लीची थेरं.

बहिणीला फोनवर जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय, कारण यातली पहिली चूक मी स्वतः केलेली आहे.

‘आधी सांगू नका, धसका घेतात’

माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. आजोबा गेले आणि त्याची झोप उडाली. रात्री दोन-दोनदा उठायचा आणि माझ्या नाकाखाली बोटं धरून बघायचा, श्वास चाललाय की नाही. महिनाभर हे चाललं, तेव्हा आम्ही वेळ घेतली आणि त्याला सांगितलं, बागेत जायचंय. तो बॉल घेऊन निघाला. जिना चढून वर गेल्यावर त्याने दारावरची पाटी वाचली, त्यातलं ‘डॉ.’ वाचलं, बॉल दोन्ही हातांनी छातीशी धरला आणि विचारलं, ‘इंजेक्शन देणार?’ ती पाऊण तासाची भेट त्याने खुर्चीखाली बसून काढली. पुढे कितीतरी दिवस मी ‘चल, बागेत जाऊ’ म्हटलं की तो विचारायचा, ‘खरी बाग?’ (हे लिहू का, असं त्याला विचारलंय. आता तो चौदा वर्षांचा आहे. ‘लिही’ म्हणाला.)

म्हणजे धसका बसतो हे खरं. पण तो आधी सांगितल्यामुळे बसत नाही. दारात पोचल्यावर कळतं आणि आईबाबांना आधीपासून माहीत होतं हेही कळतं, त्यामुळे बसतो. शिवाय जी गोष्ट घरातले लपवतात ती लाजेची असणार, एवढं गणित लहान मूलही मांडतं. ज्या कामासाठी मुलाने अनोळखी माणसावर विश्वास टाकायचा आहे, त्याची सुरुवात घरच्यांच्या थापेने कशी करायची?

केव्हा सांगायचं हे वयावर आहे. चार-पाच वर्षांच्या मुलाला आदल्या दिवशी सांगितलं तरी पुरतं, आठवडाभर आधी सांगितलं तर ते उगाच घोळवत बसतं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तीन-चार दिवस आधी सांगावं, म्हणजे त्याला प्रश्न सुचायला वेळ मिळतो. तेरा-चौदाच्या मुलांना नुसतं सांगू नये, विचारावं: समुपदेशक ताई हव्यात की दादा, कोणता वार सोयीचा, क्रिकेटची प्रॅक्टिस बुडणार नाही ना. भांडण झाल्यावर तर हा विषय मुळीच काढू नये. ‘असं वागतोस म्हणून आता न्यावं लागणार’ हे एकदा तोंडातून गेलं की थेरपी ही शिक्षा झाली.

काय सांगायचं? बहिणीला मी म्हटलं, मुलीला असं सांग: ‘तुझ्या पोटात दुखतं ते खोटं नाही, आम्हाला माहितेय. डॉक्टरांनी पोट तपासलं, ते ठीक आहे. पण कसली तरी काळजी असली की पोटात दुखू शकतं, मोठ्यांच्याही दुखतं. मुलांच्या काळज्या समजून घेणं हेच ज्यांचं काम आहे, अशा एक ताई आहेत. शनिवारी आपण त्यांना भेटणार आहोत. इंजेक्शन नाही, औषध नाही, परीक्षा नाही. तिथे खेळणी असतात, रंग असतात. आधी मी तुझ्यासोबत आत येईन, मग बाहेर बसेन, तिथून कुठेही जाणार नाही. बोलावंसं वाटलं नाही तर नाही बोललीस तरी चालेल.’ यातलं प्रत्येक वाक्य खरं हवं. त्यासाठी आधी फोन करून विचारून घ्यावं, पहिली भेट किती वेळाची, आईवडिलांनी आत यायचं का. काही ठिकाणी पहिल्यांदा फक्त पालकांनाच बोलावतात. आणि ‘तुला खूप मज्जा येईल’ असं कबूल करू नये. नाही आली तर?

‘पढवून न्या, आल्यावर सगळं विचारा’

पढवलेलं मूल पाठांतर म्हणून दाखवतं आणि समोरच्या बाईंना मुलाऐवजी आईच ऐकू येते. ‘आईबाबा भांडतात ते सांगू नकोस हं’ म्हटलं की ज्या दाराने आत शिरायचं तेच आपण बंद करून टाकतो. आपल्याला जे महत्त्वाचं वाटतं ते पालक म्हणून आपण स्वतंत्र सांगावं, त्यासाठी वेगळी वेळ देतात.

बाहेर आल्यावर ‘काय विचारलं? माझ्याबद्दल काय सांगितलंस?’ हे प्रश्न गिळायचे. मला फार जड गेलं. मी ‘भूक लागली का?’ एवढंच विचारायचे. कधी वडापाव खाता खाता तो आपणहून काहीतरी बोलायचा, कधी नाही.

तिथलं बोलणं तिथेच राहतं, याला एक अपवाद आहे आणि तो मुलालाही आधीच सांगावा: तुला कोणी इजा करत असेल किंवा तुला स्वतःला इजा करावीशी वाटत असेल, तर ताई मोठ्यांना सांगतील, कारण तुला जपायचं आहे. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारकच आहे.

‘शाळेच्या कागदावर जातं’

जात नाही. गुणपत्रिकेत किंवा शाळा सोडल्याच्या दाखल्यात असा रकानाच नसतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो मे २०१८ पासून लागू आहे, उपचारांविषयी गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. निदानाचा दाखला मिळतो तो पालकांनी मागितला तर. अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखन किंवा गणित शिकण्यात खास अडचण, असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो, तो अशा दाखल्यावरच. शाळेला सांगायचं की नाही, मामा-काकांना सांगायचं की नाही, हे घरात ठरवावं आणि मुलाला त्यात विचारावं. लग्नघरात चारचौघांत ‘हा हल्ली काउन्सेलिंगला जातो’ हे वाक्य मुलाच्या कानावर पडतं, तेव्हा नाव लागतं ते आपल्यामुळे.

‘नुसतं खेळवतात’

हा आक्षेप प्रामाणिक आहे, माझ्याही मनात आला होता. तीन भेटी झाल्या आणि मुलगा सांगतोय काय, तर वाळूत गाड्या पुरल्या. समुपदेशक ताईंनी मला नंतर समजावलं: सात वर्षांच्या मुलाला ‘आई पण मरेल का अशी भीती वाटते’ हे वाक्य जुळवता येत नाही. तो गाडी पुरतो, उकरून काढतो, पुन्हा पुरतो. शेजारी बसलेलं माणूस ते बघत असतं, मधेच विचारतं, आत गाडीला काय वाटत असेल. चौथ्या की पाचव्या भेटीत त्याने म्हणे सांगितलं, ‘तिला वाटतंय वर कोणाला माहीतच नाही ती इथे आहे.’ त्यानंतर आम्ही घरात आजोबांबद्दल बोलायला लागलो. तोवर ‘मुलासमोर नको’ म्हणून आम्हीच गप्प होतो.

पैसे फुकट जाऊ शकतात, ते चुकीच्या माणसाकडे गेलो तर. म्हणून शिक्षण विचारायला लाजू नये. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो विचारावा. औषध लिहून देण्याचा अधिकार समुपदेशकाला नसतो, मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरला असतो. फी परवडत नसेल किंवा गावात कोणी नसेल तर सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं.

‘पूर्वी आजीची मांडी होती’

होती, आणि ज्यांच्या घरात आहे त्यांनी ती जपावी. पण आमच्या घरात तेव्हा आजी स्वतःच रडत होती. तिच्या मांडीवर मुलाने आपली भीती कशी ठेवायची? आणि हल्लीचं थेर म्हणाल तर मुंबईत १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झालं, म्हणजे आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, आणि पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, तिथे बालमार्गदर्शन केंद्र, म्हणजे मुलांच्या मनाच्या अडचणींसाठीचं केंद्र, निघालं. फॉरवर्डमधल्या बहुतेक आज्या तेव्हा जन्मल्याही नव्हत्या.

बुधवारी रात्री बहिणीने मुलीला सांगितलं. मधे थोडं अडखळली, पण सगळं सांगितलं. मुलगी बराच वेळ उशीच्या अभ्र्याशी चाळा करत राहिली आणि मग तिने विचारलं, ‘तिथे बाथरूम आहे ना?’

गुरुवारी सकाळी दहाला बहिणीने क्लिनिकला फोन लावला. आहे. आतल्या खोलीच्या शेजारीच.