मॉडेल नंबर बरोबर, वारा गायब

जळगाव-भुसावळकडच्या वाचकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. दावा असा, की स्नायपर-थ्रिलर कादंबऱ्यांतली बंदुकीची माहिती शंभर टक्के खरी असते, कारण लेखक रायफलीचं नाव, काडतुसाचं माप, दुर्बिणीची पॉवर सगळं देतात. खाली पुराव्याला पाच-सहा प्रसंग जोडलेत. वरणगावला लष्करी काडतुसांचा कारखाना असल्यामुळे आमच्या भागात हा विषय निघाला की गप्पा लांबतात. ओळीने बघू.

नावं-आकडे बरोबर असतात, हे मान्य. द्रागुनोव्ह ही स्नायपर रायफल १९६३ साली सोव्हिएत सैन्यात आली, मॅगझिनमध्ये १० गोळ्या, दुर्बीण चारपट. हे कुठल्याही कॅटलॉगात मिळतं. पण बियाण्याच्या पिशवीवरचं लेबल पाठ झालं म्हणून कपाशी पिकत नाही, भो.

पुढचा दावा: दुर्बिणीतला क्रॉस कपाळावर टेकला की काम झालं. खरी गोम इथेच आहे. १०० मीटरला क्रॉस टेकवला तिथेच लागेल अशी जुळवलेल्या ७.६२ मिमीच्या रायफलीची गोळी ८०० मीटरला पोचेपर्यंत सात मीटरच्या आसपास खाली येते. हा हिशेब दुर्बिणीवर लावता येतो, पण त्यासाठी अंतर नेमकं कळायला हवं. तिथे ५० मीटरची चूक झाली तर गोळी मीटरभर वर किंवा खाली. द्रागुनोव्हच्या दुर्बिणीत अंतर मोजायची एक पट्टी असते, ती १.७ मीटर उंचीचा उभा माणूस धरून आखलेली. समोरचा उकिडवा बसला की ती पट्टी फसवते. कादंबरीतली सावजं मात्र बहुधा सोयीने उभीच राहतात.

आणि वारा! ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा याच अंतरावर गोळीला दीड-पावणेदोन मीटर बाजूला ढकलतो. बरं, तो वाटेत सगळीकडे सारखा वाहत नाही. मे महिन्यात रावेर-यावलकडे केळीच्या बांधावर उभं राहून बघा. कडेच्या शेवरीचे शेंडे लवलेले, तिच्या आडोशाला केळीची पानं जेमतेम हलताहेत, आणि पलीकडच्या नांगरलेल्या वावरातली धूळ भलत्याच दिशेला चाललीय. गोळीला वाटेत हे तिन्ही वारे लागतात. गवत, धूळ, उन्हात थरथरणारी हवा यांवरून ते वाचणं हेच स्नायपरचं निम्मं शिक्षण. त्यात आपला ४५ अंशांचा उन्हाळा. हवा विरळ होते, तापलेल्या काडतुसातली दारू गोळीला थोडा जादा वेग देते, आणि हिवाळ्यातला हिशेब तसाच ठेवला तर गोळी वर लागते. कादंबरीत हे सगळं एका वाक्यात उरकतं: त्याने वाऱ्याचा अंदाज घेतला.

त्याऐवजी पानभर येतं ते पृथ्वीचं फिरणं. मेसेजवाल्याला याचंच सर्वात कौतुक. गोळी हवेत असेपर्यंत खालची पृथ्वी किंचित फिरते, तो परिणाम खरा आहे, खोटं काही नाही. पण जळगाव साधारण २१ अक्षांशावर. इथे ८०० मीटरला त्याने गोळी बाजूला तीनेक सेंटीमीटर सरकेल. वारा दीड मीटर, पृथ्वी तीन सेंटीमीटर. दोन-अडीच किलोमीटरला गोष्ट वेगळी, पण कादंबरीतला नायक समोरच्या गच्चीवर नेम धरतानाही पृथ्वी फिरवतो.

सायलेन्सर लावला की फक्त ‘फुस्स’? रायफलीचा आवाज १६० डेसिबलच्या घरात असतो, सायलेन्सर त्यातले वीस-तीस कमी करतो. उरलेलाही चांगलाच ठणठणीत असतो. शिवाय गोळी सेकंदाला ८०० मीटरच्या वर सुटते आणि आवाजाचा वेग जेमतेम ३४० मीटर, त्यामुळे हवेत तिचा स्वतःचा कडाड आवाज होतोच. तो टाळायला मंद काडतूस वापरलं तर लांबचा पल्ला संपला. सायलेन्सरचा उपयोग वेगळाच: गोळी कुठून आली ते समोरच्याला पटकन कळत नाही.

‘पॉइंट ५०’ची, म्हणजे अर्धा इंच जाडीची गोळी नुसती जवळून गेली तरी हात तुटतो, ही तर चक्क भाकडकथा. हवेतल्या त्या लाटेने कान बधिर होतील, हात जागेवर राहतो.

ब्रीफकेसमधून सुटे भाग काढून लॉजच्या खोलीत रायफल जोडायची आणि पहिलीच गोळी अचूक, हा प्रसंग वाचायला मलाही आवडतो. चांगल्या माउंटवर, म्हणजे रायफलीवरच्या पकडीवर, दुर्बीण बरीचशी मूळ जागी बसते. पण ‘बरीचशी’वर कुणी जीव टांगत नाही, दोन-चार गोळ्या मारून झिरो, म्हणजे क्रॉस आणि गोळी जुळतात का ते, तपासावा लागतो. काडतुसांचंही तसंच. वरणगाव असो की जगातला कुठलाही कारखाना, माल लॉटने निघतो आणि दोन लॉट तंतोतंत सारखे नसतात. लॉट बदलला की झिरो पुन्हा बघायचा. नायक मात्र चोरबाजारातून मिळेल ती डबी उचलतो.

शेवटी मेसेज अडीच किलोमीटरच्या गोळीचा दाखला देतो: ब्रिटिश सैनिक क्रेग हॅरिसन, नोव्हेंबर २००९, अफगाणिस्तानातलं हेल्मंड, २,४७५ मीटर. घटना खरी आहे. हॅरिसननेच नंतर सांगितलंय, की त्या दिवशी वारा नव्हता, हवा स्वच्छ होती, आणि अंतराचा अंदाज यायलाच सुमारे नऊ गोळ्या गेल्या. मेसेजात तेवढं गाळलंय.