भाराभर चिंध्या आणि बोमन इराणी

नट बोमन इराणीवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्या दोन वेळा रागच आला, खोटं कशाला सांगू. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ या प्रकाराला मी ‘बहुआयामी’ म्हणत मखरात बसवलं, नटाच्या हातात महागडा कॅमेरा आला की आपण लगेच त्याला छायाचित्रकार म्हणतो, आणि ‘कॅमेऱ्यानेच त्याला अभिनय शिकवला’ हे वाक्य मी बिनपुराव्याचं ठोकून दिलंय.

शेवटचं तुमचं बरोबर आहे. लिहिताना झोकात वाटलं म्हणून लिहिलं होतं. काढलंय.

पण कॅमेऱ्याच्या बाबतीत तुमचा क्रम उलटा झालाय. हा नट होऊन फोटो काढायला लागलेला माणूस नाही. आधी मुंबईच्या ताजमध्ये वेटर आणि रूम सर्व्हिस, मग आईला अपघात झाला म्हणून ग्रँट रोडकडचं घरचं वेफर्सचं दुकान. त्या गल्ल्यावर बरीच वर्षं गेली. तिशी ओलांडल्यावर धंदा म्हणून फोटोग्राफी, आणि तीही बॉक्सिंगच्या सामन्यांची.

इथे जरा थांबतो, कारण एका स्थानिक पेपरसाठी मी काही वर्षं कबड्डीचे फोटो काढलेत. रोलमध्ये छत्तीस फ्रेम, हॉलमधला पिवळट उजेड, फोकस हाताने. एसएलआर कॅमेऱ्याचं बटण दाबलं की आतला आरसा वर उचलला जातो आणि तेवढ्यापुरता डोळ्यापुढे अंधार होतो. म्हणजे ठोसा तुम्हाला नीट दिसला, तर समजा तो फोटोत आलेला नाही. खांदा हलला की बोट दाबायचं. माझ्या कबड्डीच्या फोटोंत बहुतेक वेळा नुसती धूळ यायची, चढाईवाला फ्रेमबाहेर! तेव्हा हे हौशी लोकांचं काम आहे असं निदान मला तरी सांगू नका.

रंगभूमीही अशीच शेजारून आली. नृत्यदिग्दर्शक श्यामक दावरने त्याला नाट्यदिग्दर्शक ॲलेक पदमसींकडे नेलं आणि इंग्रजी नाटकं सुरू झाली. ‘आय ॲम नॉट बाजीराव’ या दोन म्हाताऱ्यांच्या नाटकात त्याच्यासोबतचा दुसरा म्हातारा म्हणजे आपले सुधीर जोशी. ते नाटक वर्षानुवर्षं चाललं. १९९८ला दिग्दर्शक फिरोज अब्बास खानांच्या ‘महात्मा व्हर्सेस गांधी’ या नाटकात तो गांधी झाला. आपल्याकडे मराठी नाटक ‘गांधी विरुद्ध गांधी’मध्ये गांधी झालेला अतुल कुलकर्णी डोळ्यांपुढे असलेल्यांना हा चांगला भरदार बाप्या गांधी म्हणून कसा दिसला असेल, याचं मला अजून कुतूहल आहे. ‘मुन्नाभाई’ सिनेमा आला डिसेंबर २००३मध्ये, म्हणजे त्याला नुकतीच चव्वेचाळीस पुरी झालेली. त्यातला त्याचा डॉ. अस्थाना चिडला की हसतो, आणि जितका जास्त चिडेल तितका जास्त हसतो. ते हसू कुठून आलं हे मला माहीत नाही, आणि या वेळी कॅमेऱ्यातून आलं असं मी म्हणणार नाही.

राहिल्या चिंध्या. चिंध्यांची गोधडी होते वगैरे टाळीचं वाक्य सुचलं होतं, पण तुमच्या धाकाने टाकत नाही. माझं म्हणणं साधं आहे. त्याने चार गोष्टी एकदम हातात धरल्याच नव्हत्या. एक धंदा घर चालवत होता, तोवर दुसरा शिकून होत होता. हौसेने चार क्लास लावणाऱ्याला तुमची म्हण लागू पडते. दुकानाचं शटर उघडून मग इतर उद्योग करणाऱ्याला ती लावणं मला पटत नाही. त्याने दिग्दर्शित केलेला ‘द मेहता बॉईज’ हा सिनेमा २०२५मध्ये आला, तेव्हा वय पासष्टच्या आसपास. आता यालाही चिंधी म्हणायचं असेल तर म्हणा.

‘बहुआयामी’ हा शब्द मात्र मलाही आता खुपतोय. तो लिहिला की माणूस जन्मतःच गुणांचं गाठोडं घेऊन आलाय असं वाटतं, आणि वेफर्सच्या पिशव्या मोजण्यात गेलेली वर्षं दिसेनाशी होतात. मूळ लेखात ती मी एका ओळीत उरकली होती. तो परिच्छेद आज रात्री नव्याने लिहायला घेतो.